मुक्कामी विद्यार्थी : परक्या नगरातील समाजजीवनाचा विचार

प्रश्नाचे स्वरूप

लातूर–बार्शी रस्त्यावरील मुरुडसारख्या गावातून एखादा विद्यार्थी शिक्षणासाठी बाहेर पडतो, तेव्हा त्याच्या सामानात पुस्तकांच्या जोडीने धपाटी, शेंगदाण्याची चटणी आणि येसराची पुडी असते. तो लातुरास जावो, पुण्यास जावो, किंवा शिकाऊ उमेदवारीसाठी, म्हणजे सध्याच्या भाषेत इंटर्नशिपसाठी, सहा महिने परदेशातील एखाद्या नगरात जावो; सामानाचा हा भाग सहसा बदलत नाही. वरवर पाहता ही गोष्ट किरकोळ वाटते. परंतु परक्या नगरात त्या विद्यार्थ्याचे समाजजीवन कसे घडणार, ह्या प्रश्नाचे मूळ त्या पुडीतच आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

परगावी गेलेल्या विद्यार्थ्याला माणसे मिळाली की नाहीत, ह्याचे कारण सामान्यतः त्याच्या स्वभावात शोधले जाते. बोलका असेल तो रमतो, भिडस्त असेल तो एकटा पडतो, अशी ही समजूत आहे. ती अगदीच निराधार नाही. पण अपुरी आहे. विद्यार्थी कोणाच्या पंक्तीला बसून जेवतो आणि कोणाच्या छपराखाली राहतो, ह्यावर त्याचे समाजजीवन स्वभावापेक्षा अधिक अवलंबून असते. महाराष्ट्रातील विद्यार्थिजीवनाचा गेल्या सुमारे दीडशे वर्षांचा अनुभव ह्या विधानास पुष्टी देतो. हा अनुभव आणि त्याच विषयावरील समाजशास्त्रीय विचार एकत्र ठेवून पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

‘मुक्कामी’ कोणास म्हणावे

जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यांनी १९०८ साली ‘परका’ ह्या सामाजिक प्रकाराचे विवेचन केले. त्यांच्या मते परका म्हणजे आज येऊन उद्या जाणारा वाटसरू नव्हे. तो येतो आणि राहतो. तो समूहात असतो, पण समूहाचा नसतो. पुढे १९५२ साली पॉल स्यू यांनी अमेरिकेतील चिनी धोब्यांच्या अभ्यासावरून ह्या परक्याचाच एक निराळा प्रकार दाखवून दिला. हा माणूस परक्या नगरात एका ठरावीक कामासाठी येतो, ते लवकर उरकून परत जाण्याची आशा बाळगतो, आणि म्हणूनच तेथील समाजात मुळे रोवण्याच्या खटपटीत पडत नाही. मराठीत त्यास ‘मुक्कामी’ हा शब्द चपखल बसतो. मुक्काम करणारा माणूस सामान सोडतो, पण सारेच सोडत नाही. निम्मे बांधलेलेच ठेवतो.

विद्यार्थी हा स्वभावतःच मुक्कामी असतो. पदवीसाठी गेलेल्याचा मुक्काम काही वर्षांचा, तर शिकाऊ उमेदवाराचा काही आठवड्यांचा वा महिन्यांचा. मुक्कामाच्या ह्या कालावधीला महत्त्व आहे. स्वेरे लिसगार्ड यांनी अमेरिकेत राहून आलेल्या सुमारे दोनशे नॉर्वेजियन शिष्यवृत्तिधारकांचा अभ्यास १९५५ साली प्रसिद्ध केला. सहा महिन्यांपेक्षा कमी आणि अठरा महिन्यांपेक्षा अधिक काळ राहिलेल्यांचे परक्या देशाशी बरे जुळले होते. ह्या दोहोंच्या मधल्या कालावधीतील मंडळींचे तितकेसे जुळले नव्हते, असे त्यांना आढळून आले. नव्या नगराचे प्रारंभीचे कौतुक ओसरते आणि खरी ओळख अद्याप व्हावयाची असते, असा हा मधला काळ होय. ह्या निष्कर्षाचा सरसकट नियम करता येत नाही, हे नंतरच्या अभ्यासकांनी दाखविले आहे. तरी मुक्कामाची लांबी व समाजजीवनाची खोली यांचा संबंध आहे, एवढे त्यातून निश्चित होते.

माधुकरी, वार आणि वसतिगृह

परक्या नगरातील विद्यार्थ्याचा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. त्याची उत्तरेही येथे फार पूर्वीपासून योजिली गेली. पुण्यासारख्या विद्याकेंद्रात आलेला गरीब विद्यार्थी माधुकरी मागे किंवा वार लावून जेवी. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी, असे आठवड्याचे सात वार सात घरी लागत. पोट भरण्याची ही सोय होतीच; पण समाजशास्त्राच्या दृष्टीने तिचे आणखी एक कार्य होते. वार लावणाऱ्या मुलाला नव्या नगरात एकदम सात उंबरठे मिळत. त्या सात घरांतील माणसे, त्यांचे पाहुणे, त्यांची भांडणे आणि सणवार ह्यांतून त्याला नगराची जी ओळख होई, ती पाठशाळेत होणारी नव्हती. शिकवणी, नोकरी, पुढे सोयरीकदेखील, अशाच एखाद्या उंबरठ्यावरून जुळून येई. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली दाखविले की, नव्या संधीची वार्ता माणसाला जिवलगांपेक्षा लांबच्या ओळखीतून अधिक मिळते. वाराची पद्धत ही अशा लांबच्या ओळखी पुरविणारी संस्था होती.

मात्र ह्या व्यवस्थेचे दुसरे अंग दृष्टीआड करता येणार नाही. वाराचा उंबरठा सर्वांसाठी नव्हता. माधुकरी ही मुख्यतः ब्राह्मण मुलाची सोय होती. इतरांना ती नव्हती, आणि मुलींना तर नव्हतीच. त्याशिवाय जेवणारा मुलगा यजमानाच्या मर्जीखाली असे. वाढणाऱ्या हाताचा आखडतेपणा त्याला ताटावर दिसे आणि तो गिळूनच त्याला जेवावे लागे. आधार आणि मिंधेपण एकाच ताटात वाढलेले असत.

ज्यांना वार नव्हता, त्यांच्यासाठी वसतिगृहे निघाली. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या आश्रयाने १९०१ पासून मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य अशा निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली. खेड्यातील मुलाला कोल्हापूर हे नगर राहण्याजोगे झाले, ते ह्या वसतिगृहांमुळे. त्यांनी प्रत्येक मुलाला त्याच्या समाजाची पंगत दिली. पुढची पायरी कर्मवीर भाऊराव पाटील यांनी गाठली. साताऱ्यास १९२४ साली त्यांनी काढलेल्या बोर्डिंगात निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र काम करीत आणि एकाच पंक्तीला बसत. १९२७ साली महात्मा गांधींनी त्यास भेट दिली. मराठवाड्यात औरंगाबाद येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली जे महाविद्यालय काढले आणि जे पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपास आले, त्याच्या कार्यातही वसतिगृहाचे स्थान वर्गाइतकेच मोठे होते. खेड्यापाड्यांतून आलेल्या दलित विद्यार्थ्याला नगरात पाय टेकण्यास जागा त्या वसतिगृहाने दिली.

ह्या तीन व्यवस्थांतून तीन निरनिराळी समाजजीवने निर्माण झाली. वाराने नगरातील घरे दिली, पण समानता दिली नाही. समाजवार वसतिगृहाने आपली माणसे दिली, पण इतरांची दारे उघडली नाहीत. एकत्र पंगतीने इतरांची ओळख दिली. मात्र ती घडवून आणण्यास भाऊरावांसारख्यांना आयुष्य वेचावे लागले. विद्यार्थी एकाच स्वभावाचा असला, तरी तो ज्या पंगतीला बसे तसे त्याचे जग होई.

राजधानी, पण परकी

मुरुडच्या बाबतीत ह्या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. १९८२ साली लातूर जिल्हा निर्माण होईपर्यंत मुरुड उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात होते. आणि १९४८ पर्यंत हा सारा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. १९११ साली लातूरपर्यंत आलेल्या बार्शी लाइट रेल्वेची वाट पश्चिमेकडे, बार्शी व कुर्डुवाडीकडे, म्हणजे मुंबई इलाख्याकडे जात होती. राज्याची राजधानी आणि राज्याचे विद्यापीठ मात्र हैदराबादेस होते.

१९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो एक धाडसी प्रयोग होता, हे मान्य केले पाहिजे. परंतु मराठवाड्यातील विद्यार्थ्याच्या घरची ती भाषा नव्हती. आपल्याच राज्याच्या राजधानीत तो भाषेने, शिष्टाचाराने आणि अन्नाने परका ठरे. परदेश म्हणजे समुद्रापलीकडचा देश, ही व्याख्या त्याच्या बाबतीत लटकी पडते. अशा विद्यार्थ्याला विसाव्याचे स्थान होते ते हैदराबादेतील मराठी वस्तीचे आणि केशवराव कोरटकर, वामन नाईक यांच्यासारख्यांच्या आधाराने वाढलेल्या विवेकवर्धिनीसारख्या संस्थेचे.

१९३८ च्या अखेरीस उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास मनाई झाली. विद्यार्थ्यांनी संप केला आणि पुष्कळांना विद्यापीठाबाहेर पडावे लागले. त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. पुढे भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांपैकीच एक. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने येथे लक्षात घ्यावयाचे ते असे की, हा लढा वसतिगृहात उभा राहिला. एकत्र राहणारी आणि एकत्र जेवणारी मुलेच एका विचाराने उठू शकली. निरनिराळ्या खोल्यांत विखुरलेल्यांना ते तितके सोपे गेले नसते.

आनंदीबाई आणि आंबेडकर

समुद्रापलीकडे गेलेल्या मराठी विद्यार्थ्यांत दोन उदाहरणे विशेष उद्बोधक आहेत. आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनमध्ये न्यू यॉर्क येथे पोहोचल्या. वयाच्या अठराव्या वर्षी. न्यू जर्सीतील रोझेल येथे थिओडिशिया कार्पेंटर यांच्या घरी त्यांनी पहिले काही महिने काढले. आनंदीबाई त्यांना मावशी मानीत. हा केवळ गोडवा नव्हता. मराठी माणसाला परक्याशी नाते जोडावयाचे झाल्यास नात्याचे नाव द्यावे लागते. खानावळीची मालकीण त्याची मावशी होते आणि घरमालक काका होतो. नाव मिळाले की कोणी काय मागावे, कोणी काय द्यावे, हे ठरून जाते.

त्याच वर्षीच्या शरद ऋतूत त्या फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या आणि रोझेलचे घर दूर राहिले. थंडी, अपुरा शाकाहार आणि एकटेपण यांनी त्यांची प्रकृती खालावत गेली. तरीही त्यांचा तेथील संबंध एकाच घरापुरता राहिला नाही. अधिष्ठात्री रेचल बॉडले यांनी त्यांची आस्था बाळगली. आणि १८८५ च्या ऑक्टोबरातील एका प्रसिद्ध छायाचित्रात आनंदीबाई जपानच्या केई ओकामी व सिरियाच्या सबत इस्लामबूली यांच्या समवेत, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात, दिसतात. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. ह्या जीवनाकडे पाहता, माणसांचे प्रेम मिळाले म्हणजे सारे मिळाले, असे म्हणवत नाही. आपुलकी होती; मानवेल असे अन्न आणि ऊब रोजच्या रोज मिळण्याची व्यवस्था तितकी भक्कम नव्हती.

भीमराव आंबेडकर १९१३ साली बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन कोलंबिया विद्यापीठात गेले. प्रारंभी ते हार्टले हॉल ह्या वसतिगृहात उतरले. पण तेथील अन्न त्यांना मानवले नाही. मग ते हिंदी विद्यार्थ्यांच्या सोयीच्या कॉस्मॉपॉलिटन क्लबात राहावयास गेले आणि त्यानंतर नवल भथेना ह्या पारशी मित्राबरोबर लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये राहिले. भथेना यांच्याशी जुळलेला स्नेह आयुष्यभर टिकला. ह्या तीन मुक्कामांचा क्रम अर्थपूर्ण आहे : प्रथम पूर्णपणे परकी पंगत, मग देशबांधवांची, आणि शेवटी स्वतः निवडलेल्या मित्राची.

परंतु ह्या उदाहरणाचा खरा अर्थ आंबेडकर परत आल्यानंतर उलगडतो. १९१७ साली ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्या नगरात त्यांना राहण्यास खोली मिळेना. पारशी नाव घेऊन त्यांना एका पारशी पथिकाश्रमात उतरावे लागले. जात उघड झाल्यावर लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. दोन मित्रांकडे आसरा मागितला, तोही मिळाला नाही. न्यू यॉर्कमध्ये तीन वर्षांत सहाध्यायी, स्नेही आणि गुरू मिळविणाऱ्या माणसाला स्वदेशातील नगरात एक रात्र काढण्याचे छप्पर नव्हते. माणूस तोच, स्वभाव तोच, विद्या तर अधिकच वाढलेली. बदलली ती दार उघडण्याची व्यवस्था. समाजजीवन हे स्वभावावर अवलंबून असते, ह्या समजुतीचे याहून कठोर खंडन क्वचितच सापडेल.

तीन वर्तुळे

परदेशस्थ विद्यार्थ्यांच्या मैत्रीचा अभ्यास स्टीफन बॉख्नर आणि त्यांचे सहकारी यांनी हवाई येथे करून १९७७ साली प्रसिद्ध केला. त्यांच्या मते अशा विद्यार्थ्याभोवती तीन वर्तुळे असतात. पहिले देशबांधवांचे, त्यात त्याची भाषा, चव आणि विनोद जिवंत राहतात. दुसरे यजमान देशातील लोकांचे; त्यातून अभ्यास, काम व व्यवहार साधतात. तिसरे इतर देशांतून आलेल्या परक्यांचे. त्यात प्रामुख्याने सोबत आणि करमणूक मिळते. प्रत्येक वर्तुळाचे कार्य निराळे असल्यामुळे एक दुसऱ्याची जागा भरून काढू शकत नाही. आनंदीबाईंच्या चरित्रात कार्पेंटर यांचे घर आणि ओकामी–इस्लामबूली यांचा सहवास ही दुसरी व तिसरी वर्तुळे स्पष्ट दिसतात. पहिले जवळजवळ रिकामे होते.

आज परदेशातील मोठ्या नगरांत पहिले वर्तुळ शोधावे लागत नाही. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचे आहे. उत्तर अमेरिकेतील मंडळांचे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ साली स्थापन झाले. गणेशोत्सवाच्या पंक्तीत नवख्या विद्यार्थ्याला ताट मिळते आणि ताटाबरोबर ओळखीही. अडचण दुसऱ्या वर्तुळाची आहे. कुर्ट लेविन यांनी १९३६ साली अमेरिकन व जर्मन स्वभावांची तुलना करताना असे दाखविले की, अमेरिकन माणसाच्या व्यक्तित्वाचा बाहेरचा थर सहज ओलांडता येतो, आतला मात्र राखून ठेवलेला असतो. जर्मन माणसाचे दार बाहेरच्याच बाजूस बंद असते. मराठी विद्यार्थी येथे हटकून चकतो. पहिल्याच दिवशी वरिष्ठाने त्याला नुसत्या नावाने हाक मारली आणि तशीच मारावयास सांगितली, म्हणजे ‘अहो’चे ‘अरे’ झाले, असे त्याला वाटते. मराठीत ‘अरे’पर्यंत पोहोचण्यास वर्षे लागतात आणि तेथे पोहोचल्यावर घरचे जेवण ओघानेच येते. परदेशी कचेरीत नावाने हाक मारणे हा केवळ रिवाज असतो. संध्याकाळ झाली की तोच वरिष्ठ आपल्या घरी निघून जातो आणि विद्यार्थी विचार करीत बसतो की, आपले काय चुकले.

याशिवाय यजमानाच्या नजरेत आपल्या देशाची किंमत काय, ह्याकडे विद्यार्थ्याचे सदैव लक्ष असते. फिलाडेल्फियातीलच पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील हिंदी विद्यार्थ्यांचा रिचर्ड लँबर्ट व मार्विन ब्रेसलर यांनी केलेला अभ्यास १९५६ साली प्रसिद्ध झाला. जातिभेद, दारिद्र्य, लोकसंख्या अशा विषयांवरील यजमानांचे साधे प्रश्नदेखील विद्यार्थ्याला बोचतात आणि तो दूर सरतो, असे त्यांनी दाखविले. व्याख्यानाच्या दालनात असा प्रश्न आरोप वाटतो. जेवताना विचारला गेला तर त्याचे संभाषण होऊ शकते.

अशा जेवणाची व्यवस्था करता येते, हे न्यू यॉर्कने दाखवून दिले. १९०९ साली कोलंबिया विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर हॅरी एडमंड्स यांनी एका चिनी विद्यार्थ्याला सहज नमस्कार केला. तीन आठवड्यांत न्यू यॉर्कमध्ये आपल्याशी बोललेले तुम्हीच पहिले, असे त्या विद्यार्थ्याने सांगितले. एडमंड्स पतिपत्नींनी परदेशी विद्यार्थ्यांना रविवारी घरी जेवावयास बोलावण्यास सुरुवात केली. त्या रविवारच्या जेवणांतून पुढे १९२४ साली इंटरनॅशनल हाउस ही शेकडो विद्यार्थ्यांना एकत्र ठेवणारी संस्था उभी राहिली. पुण्याचा वार आणि न्यू यॉर्कचा रविवार यांचे तत्त्व एकच होय.

आजचा शिकाऊ उमेदवार

तांत्रिक विद्यार्थ्यांना परदेशात कामाचा अनुभव मिळावा म्हणून देशादेशांत अदलाबदल करणारी आयएईएसटीई ही संघटना १९४८ साली लंडनमध्ये स्थापन झाली. तेव्हापासून अशा उमेदवारीचा विस्तार पुष्कळ झाला आहे. पण हा मुक्काम फार आखूड असतो. लिसगार्ड यांच्या हिशेबाने पाहिल्यास सहा महिन्यांच्या आत परतणारा उमेदवार मुख्यतः कौतुकाच्या काळातच परत येतो. आपले फार चांगले जमले, असे तो प्रामाणिकपणे सांगतो. परंतु ज्या अवघड काळातून गेल्यावर नगराची खरी ओळख होते, तो काळ त्याच्या वाट्याला आलेलाच नसतो.

दूरध्वनीच्या आजच्या साधनांनी ह्यात एक चौथे वर्तुळ आणले आहे. मराठवाड्यात लातुरास शिकणाऱ्या मुलाचा डबा एस.टी.च्या गाडीने गावाहून येत असे. घराची चव रोज पोहोचे, पण डबा घेण्यास मुलाला स्थानकावर जावे लागे, आणि तेथे त्याच्यासारखीच डब्याची वाट पाहणारी मुले भेटत. आता परदेशातील खोलीत बसून आईचे स्वयंपाकघर डोळ्यांनी पाहता येते. हा आधार मोलाचा आहे. मात्र त्यासाठी खोलीबाहेर पडावे लागत नाही, हा त्यातील धोका होय.

ह्या विवेचनातून निघणारा निष्कर्ष विद्यापीठीय विभागांना जवळचा आहे. विद्यार्थ्यास परदेशी पाठविताना पत्रव्यवहार होतो तो काम, वेतन व प्रवेशपरवाना यांचा. तो कोठे राहणार, कोणाबरोबर जेवणार आणि आठवड्यातून एक वेळ तरी त्या नगरातील कोणाच्या घरी त्याला ताट मिळेल काय, हे प्रश्न त्याच्या खाजगी सोयीचे म्हणून सोडून दिले जातात. वास्तविक ते शिक्षणाचेच प्रश्न आहेत. आणि ते दोन्ही दिशांनी विचारले पाहिजेत. लातूर, नांदेड येथे खोली करून, डबा लावून राहणारा मुरुडचा विद्यार्थी हाही मुक्कामीच आहे. आडनाव विचारून खोली नाकारली गेली, तर त्याच्यापुरते ते नगर न्यू यॉर्कहून दूर होते. परक्या देशात आपल्या विद्यार्थ्यासाठी दार उघडावे, अशी अपेक्षा करणाऱ्याने आपल्या गल्लीतील दाराकडेही पाहिले पाहिजे.